पाण्याच्या पुढे पळणारी सायकल

संजूचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या सीटवर ओलं फडकं टाकत होते. "ताई, रोटेशन सुटलंय. येतीस का?" बाकीच्यांचे भाऊ आंबे उतरले म्हणून बहिणीला माहेरी बोलावतात, माझा भाऊ कालव्याला पाणी सुटलं म्हणून बोलावतो. धरणातून उन्हाळ्यात एकदा-दोनदा कालव्याला पाणी सोडतात, त्याला कागदावर आवर्तन म्हणतात आणि आमच्या खुटबावात रोटेशन. ते सुटलं की मला कळव, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. का कळव, ते मात्र सांगितलं नव्हतं.

सीटवरचं ओलं फडकं हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. "बाळाला अंघोळ घातली का?" असं आमचे हे रोज विचारतात. पण चैत्र सरता सरता शिरूरचं ऊन असं असतं की सकाळी सातनंतर अंगणात राहिलेल्या सायकलवर बसायची हिंमत करायची नाही. शाळेतून मुदतीआधी निवृत्त झाले त्याच महिन्यात मी ही सायकल घेतली. दुकानदाराने मला आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "नातीचं वय काय, मॅडम?" मी म्हटलं, "सत्तावन्न." त्याला उलगडायला वेळ लागला. मग त्याने खास आग्रहाने घंटी फुकट लावून दिली, आणि ती इतकी मोठी वाजते की कुत्रीसुद्धा दचकून उठतात.

मला कुठे पोचायचं नसतं. साडेपाचला निघते, घोडनदीच्या पुलावर थांबते. नदीत पाणी म्हणायला चार डबकी, बाकी सगळी वाळू, आणि त्या वाळूवरून येणारा गारवा एवढाच दिवसभराचा गारवा. तो घेऊन पुढे निघते. बाजूच्या रानात काढलेल्या कांद्याचा वास असतो, कडुनिंबाला मोहोर असतो, कोणीतरी अंगणात सडा टाकत असतं. फाट्यावर रांजणगावच्या कारखान्यांच्या बसची वाट बघत कामगार उभे असतात. त्यातला एक बिहारकडचा पोरगेला मेकॅनिक रोज हात करतो. एकदा मला उशीर झाला तर म्हणाला, "आंटी, आज आपकी शिफ्ट लेट है क्या?" मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझी शिफ्ट धरली होती.

माझे जुने विद्यार्थी मोटारसायकल शेजारी घेऊन हळू करतात. "बाई, सोडू का कुठं?" "अरे, सायकलवर बसलेल्या बाईला तू काय सोडणार?" असं म्हटलं की ओशाळतात आणि भुर्रकन जातात. मोटारसायकलवर वारा अंगावर येतो, सायकलवर तो आपण केलेला असतो. पाय थांबले की वाराही थांबतो, म्हणून उन्हाळ्यात सायकल थांबवायला जिवावर येतं. हे मला आत्ता या वयात कळलेलं नाही. बारा वर्षांची असताना कळलं होतं, आप्पांच्या सायकलवर.

आप्पा म्हणजे माझे वडील. गावातले वजनदार बागाईतदार. सोसायटीत त्यांचा शब्द चाले, कारखान्यावर ऊस वेळेत जाई, आणि त्यांची काळी, उंच, मधल्या दांडीची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली असे. सीटवर बसलं तर माझे पाय पायडलला पोचत नसत. मग दांडीखालून एक पाय घालून, अंग एका बाजूला काढून, अर्धं पायडल मारत मी कैची सायकल शिकले. पोरीने कैची मारायची म्हणजे परकराचा ओचा खोचायचा आणि कोण काय म्हणतं तिकडे लक्ष द्यायचं नाही. आई म्हणायची, "पडशील आन् दात पाडून घेशील." पडले, दात पाडून घेतला, पण तोवर सायकल आली होती.

आमच्या गावाची चारी मोठ्या कालव्यातून फुटते. चारी म्हणजे कालव्याची लहान फांदी. ती आमच्या रानाला खेटून पुढे चार-एक किलोमीटर जाते आणि माळाच्या कडेला संपते. ती संपते त्या भागाला सगळे टेल म्हणतात. उन्हाळाभर ती कोरडी ठणठणीत असते, तळाचा गाळ तडकलेला. आणि एके दिवशी सकाळी वरच्या अंगाला कोणीतरी ओरडतं, आणि आपण धावत जाऊन बघावं तर चारीतून पाण्याचं तोंड येत असतं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना कसं सांगू? ते पाण्यासारखं दिसतच नाही. पुढे असतो कचरा. बाभळीच्या शेंगा, वाळका पाला, एखादी चप्पल, तपकिरी फेस, आणि त्या सगळ्याच्या पुढे जीव घेऊन पळणारे किडे-मुंग्या. काठाने बगळे चालत असतात, पंगतीला निघाल्यासारखे. पाणी एका भेगेत शिरतं, बुडबुड करत ती भरतं, मग दुसरीत शिरतं. माणसाने सावकाश चालावं त्या बेताने ते पुढे सरकतं. सायकल मात्र त्याच्या पुढे पळू शकते.

हा शोध मी लावला, आणि त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलं नाही. पाणी आमच्या रानापाशी आलं की मी सायकल काढायची, चारीच्या कडेच्या पायवाटेने कैची मारत सुटायचं आणि प्रत्येक मळ्यापाशी हाळी द्यायची, "पाणी आलं वोऽऽ!" तेवढ्यावर माणसं उठायची. कोणी खोरं घेऊन बांधाकडे निघायचं, कोणी दंडातलं, म्हणजे रानातल्या पाटातलं, गवत काढायला लागायचं, कोणी जेवता जेवता हात धुवायचं. एवढी मोठी माणसं माझ्या एका हाळीवर हलतात! पुढे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं, पण इतकं एकदिलाने माझं कुणी ऐकलं नाही.

सगळ्यात शेवटचा मळा गयामामींचा. माळ्याचं घर, बिघा-दीड बिघा रान, त्यात फुलं आणि थोडी भाजी. नवरा यवतच्या बाजारात फुलं घेऊन गेलेला असायचा, मामी एकट्याच रानात. माझा आवाज ऐकला की त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मी पोचले की आधी माठातलं पाणी, मग गुळाचा खडा. "एवढ्या लांब कशाला येतीस गं उन्हाचं?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता म्हणायच्या, "बरं झालं आलीस." टेलला कोण काय सांगायला येत नसे. पाणी आलं तर आलं, नाही आलं तर कोणाला विचारायचं?

त्या वर्षीच्या शेवटच्या पाण्याला मी अशीच गेले. मामींनी झेंडूची रोपं केली होती. विहिरीने तळ दाखवलेला, म्हणून वाफ्याला घागरीने पाणी घालून जगवलेली वीतभर गर्द हिरवी रोपं. मी हाळी दिली, "पाणी आलं वोऽऽ!" मामींनी विचारलं, "कुठवर आलंय?" मी म्हटलं, "आमच्या रानापाशी. येतंयच मागनं." मामींनी पदर खोचला. वाफ्यातली सगळी रोपं उपटून ओल्या पोत्यात घेतली आणि कोरड्या सऱ्यांमधून लावत सुटल्या. लावण होईतो पाणी पोचणारच होतं. मीही शंभरेक रोपं लावली. गूळ खाल्ला आणि पाणी कुठवर आलं ते बघायला मागे निघाले.

पहिल्या किलोमीटरला पाणी नव्हतं. दुसऱ्याला नव्हतं. बगळे दिसेनात तेव्हा मी पायडल जोरात मारायला लागले. आमच्या रानाच्या मोरीपाशी, म्हणजे चारीवरच्या छोट्या पुलापाशी, आले तर चारीत गच्च भरलेली पोती आडवी टाकलेली, आणि सगळंच्या सगळं पाणी आमच्या दारातून आमच्या उसात चाललेलं. दार म्हणजे शेतात पाणी घ्यायची लोखंडी झडप. त्या दिवशी आमचा नंबर नव्हता. आप्पा धोतर खोचून गुडघाभर चिखलात उभे होते. पाटकरी, म्हणजे चारीवर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस, लांब बाभळीखाली विडी ओढत दुसरीकडे बघत होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "घरला जा. चहा ठिवाया सांग," म्हणाले.

आता खरं सांगते, कारण ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. पाणी आपल्या उसात जातंय हे बघून मला आधी आनंद झाला. आपला ऊस, आपलं पाणी, खळखळ आवाज. गयामामींची आठवण त्याच्यानंतर आली, घरी पोचून चहा ठेवायला सांगितल्यावर. मग मात्र मला तो चहा नको झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायकल घेऊन निघाले आणि टेलच्या अलीकडे एक मोठी बाभूळ आहे तिथपर्यंत गेले. तिथून मामींच्या सऱ्या दिसत. रोपं माना टाकून आडवी झाली होती. मामी घागरीने एकेका रोपाला ओंजळभर पाणी घालत होत्या. मी सायकल वळवली. त्यानंतर पाणी सुटलं की मी बाभळीपर्यंतच जायची. पुढच्या उन्हाळ्यात तर सायकल काढायचीच सोडली. आई म्हणाली, "बरं झालं, शहाणी झाली पोरगी."

पुढे कॉलेज, डी.एड., लग्न, शिरूर. सायकल आयुष्यातून गेली ती कळलंही नाही. माहेरी जाताना बस न्हावऱ्याहून पारगावला भीमेचा पूल ओलांडायची, गुऱ्हाळांचा गोडसर धूर खिडकीतून यायचा, आणि चौफुल्याला उतरले की संजू घ्यायला उभा असायचा. चारीकडे मी कधी गेले नाही. आप्पा गेले तेव्हा अख्खा गाव लोटला होता. त्या गर्दीत गयामामीही असतील. मी मान वर करून पाहिलं नाही.

मग गेल्या वर्षीच्या मेमध्ये आम्ही दोघं गोव्याला गेलो. समुद्रापेक्षा मला आमच्या खोलीमागे टेकवलेल्या दोन गंजक्या सायकली जास्त आवडल्या. आमच्या ह्यांनाही बसवलं. ते सायकलवर ऑफिसच्या खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतात आणि उतार आला की देवाचं नाव घेतात. सकाळी सहाला आम्ही निघायचो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, काजूचा आंबूस वास, अंगाला चिकटणारा दमट वारा. आमच्याकडचं ऊन अंग वाळवतं, तिकडचं भिजवतं. पण पायडलवर पाय पडला की घरच्यासारखंच वाटायचं, परक्या गावातल्या रस्त्यालाही आपण ओळखीचे आहोत असं.

तिथे रोज सकाळी एक पाववाला सायकलवरून यायचा. मागे मोठी टोपली, हाताशी रबरी भोंगा. पोंऽ पोंऽ वाजला की घराघरांतून बायका पिशव्या घेऊन बाहेर. एके दिवशी भोंगा वाजला, मी पैसे घेऊन धावले, तर टोपली रिकामी. "आयज पाव ना गो. भट्टी मोडल्या," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला. मी विचारलं, "पाव नाही तर मग उन्हाचे फिरताय कशाला?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "सांगूंक नाका?" सांगायला नको? एवढं बोलून पोंऽ पोंऽ करत तो गेला.

त्या दिवशी मी पुढे सायकल चालवली नाही. पायरीवर बसून राहिले. ह्यांना वाटलं ऊन लागलं. मला माझी हाळी आठवत होती, आणि त्या आडव्या झालेल्या सऱ्या. मनाशी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्यात पाणी सुटलं की गयामामींकडे जायचं आणि त्या दिवशी दार आप्पांनी उघडलं होतं हे सांगून मोकळं व्हायचं. पाववाल्याने मला खरं काय सांगितलं होतं ते कळायला मात्र आणखी एक उन्हाळा जावा लागला.

तर यंदा संजूचा फोन आला आणि मी गेले. रात्री जेवताना त्याला सगळं सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "ताई, पंचेचाळीस वर्सं झाली की. कशाला उकरून काढती?" मी त्याला आमटी वाढली. "आप्पांचं नाव हाय अजून चारचौघांत. त्या म्हातारीच्या घरी चार माणसं येत्यात-जात्यात. उद्या गावभर होईल." मी म्हटलं, "खरं आहे तेच होईल ना?" तो हात धुवून उठला. मला वाईट वाटलं, कारण त्याचंही चुकत नव्हतं. गेलेल्या माणसाला आपली बाजू सांगता येत नाही, आणि मी त्याच्या मागे त्याची चूक सांगायला निघाले होते. आप्पांनी मला सायकलवरून कधी उतर म्हटलं नव्हतं. गावातल्या दहा जणांनी नाकं मुरडली तरी म्हटलं नव्हतं. त्यांच्याच सायकलवरून हे सांगायला जायचं?

सकाळी गोठ्याकडे गेले. आप्पांची सायकल भिंतीला टेकवलेली होती. धूळ पुसलेली, साखळीला तेल, आणि दोन्ही चाकांत टणक हवा. संजू पाठमोरा उभा राहून गाईला वैरण टाकत होता. "ब्रेक मागचाच लागतो, फुडचा न्हाई," एवढंच म्हणाला.

चारीच्या कडेची पायवाट आता रुंद झाली आहे. शेजारून कोणाकोणाच्या पाइपलाइनी गेल्यात, बांधांवर शेततळ्यांचे काळे कागद चमकतात. मोठ्या कालव्यातून चारीला अजून पाणी सोडलेलं नव्हतं, तळ तसाच तडकलेला होता. बाभूळ आहे तिथेच आहे. तिच्यापाशी माझे पाय आपोआप थांबले. मग मी घंटी वाजवली, कोणी नसताना, आणि पुढे गेले.

गयामामी लिंबाखाली बसल्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या असतील. पुढ्यात सुपात झेंडूची वाळलेली फुलं, ती चुरून बी काढायचं चाललेलं. शेजारच्या वाफ्यात यंदाची रोपं वीतभर झाली होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "कोण गं?"

"मी शोभा. खुटबावची. आप्पांची थोरली."

"सायकलवर आलीस म्हंजी शोभीच. दुसरं कोण यील?"

मी सायकल लिंबाला टेकवली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. बसले असते तर बोलले नसते. "मामी, त्या वर्षी तुमची रोपं गेली ना, ते पाणी आमच्या आप्पांनी वळवलं होतं. आमचा नंबर नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही."

मामींचे हात थांबले नाहीत. फुलं चुरत म्हणाल्या, "ठावं हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिशी सांजच्याला पाटकऱ्यानं सांगितलं. मी गेले तुझ्या आप्पाकडं. बांधावर हुबं करून बोलले. समदं ऐकून घेतलं त्यानं, खाली मान घालून. आन् आठ दिसांनी सायकलला पोतं बांधून आला. कासुर्डीवरनं रोपं आणली व्हती. म्हणला, लावा. बैलगाडीनं पाणी माझ्या हिरीवरनं न्ह्या."

मी खाली बसले. आप्पांनी हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे आप्पांचं तेव्हाच फिटलं होतं. मी पंचेचाळीस वर्षं त्यांची चूक सांभाळत बसले होते, आणि ती चूक त्यांच्याकडेही राहिली नव्हती. मला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात मामींनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"पर तू का न्हाई आलीस गं परत?"

मी सुपाबाहेर पडलेलं बी वेचायला लागले.

"दर पाण्याला वाटायचं, शोभी यील. लांबनं हाळी यील म्हणून कान दिऊन बसायची. रोपांचं काय एवढं, रोपं पुन्यांदा करता येत्यात. पर टेलला सांगाया कोण येतंय? न्हाई येत पानी, असं सांगाया तरी यायचंस. म्या पोत्यातली तरी परत वाफ्यात लावली असती."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं विचारत होत्या, जसं आपण एखाद्याला लग्नाला का आला नाहीत म्हणून विचारतो. मला रडू आलं. सत्तावन्न वर्षांची, निवृत्त, चष्मा लावलेली बाई लिंबाखाली बसून ओढणीने नाक पुसत होती. माझी चूक कोणती हेच मला इतकी वर्षं कळलेलं नव्हतं. दार आप्पांचं होतं. बाभळीपाशी वळवलेली सायकल माझी होती.

"रोटेशन सुटलंय म्हणत्यात यंदा," मामी म्हणाल्या. "खरं का?"

"खरंय. दोन दिवसांत चारीला सोडतील."

"मग बघून सांग."

मी शिरूरला फोन करून मुक्काम वाढवला. आमचे हे म्हणाले, "सायकलला अंघोळ मी घालू का?" दोन दिवसांनी सकाळी चारीला पाणी आलं. तेच ते तपकिरी तोंड, तोच फेस, तेच बगळे, फक्त कचऱ्यात आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या. मी या वेळी पुढे पळाले नाही. पाण्याबरोबर सायकल चालवली. सायकल इतकी हळू चालवणं सोपं नसतं, तोल जातो, सारखा पाय टेकावा लागतो. कैची शिकताना जेवढी डगमगले नसेन तेवढी डगमगले.

आमच्या मोरीपाशी संजूने दार उघडलं होतं. शेततळं भरायचं चाललं होतं. मी सायकल स्टँडवर लावली आणि बांधावर बसले. "आपला नंबर परवा आहे ना?" मी विचारलं.

"ताई, अर्धंच भरलंय."

मी नुसती पाण्याकडे बघत बसले. वर्गात गोंधळ झाला की मी हेच करायची. पाच-सात मिनिटं तो इकडून तिकडे फिरला, मग दाराचं चाक फिरवायला लागला. "शाळा सुटली तरी मास्तरकी सुटंना," असं पुटपुटला. पाणी थोडं थबकलं, वर आलं आणि चारीने पुढे निघालं.

पण संजूच्या पुढेही दारं आहेत, आणि प्रत्येक दारापाशी बहीण बसलेली नाही. पाणी बारीक होत गेलं. अकराच्या सुमाराला ते बाभळीपर्यंत आलं आणि तिथे एका भेगेत उतरून थांबलं. मी वाट पाहिली. फेस वाळला. बगळे उडून गेले. ऊन असं चढलं होतं की हँडल हाताला धरवेना. इथून घर मागे तीन किलोमीटर, टेल पुढे एक. मागे वळले असते तर कोणी विचारणार नव्हतं. मी पुढे गेले.

हाळी दिली नाही, घंटीच वाजवत गेले. मामी वाफ्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी ओलं पोतं अंथरलेलं, पदर खोचलेला, हात रोपांच्या बुडाशी.

"आलं का?"

"नाही मामी. बाभळीपर्यंत आलं आणि थांबलं. आज नाही येत."

त्यांनी हात काढून घेतला. रोपांवर अलगद तळवा फिरवला, ओलं पोतं उचलून वाफ्याच्या उन्हाच्या बाजूला उभं केलं, म्हणजे रोपांवर सावली पडावी. मग गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि माठाकडे गेल्या.

"बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या. "म्या आता उपटणारच व्हते."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. बाहेरून घाम आलेला, थंडगार. मी उभ्या उभ्याच घटाघट प्यायला लागले.

"बसून पी," मामी म्हणाल्या. "उद्या परत यायचंय तुला."